घोड्यावरून पाहिलेले खुराडे

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा राजे प्रजेची काळजी करत आणि ती काळजी प्रजेपर्यंत पोचते असा त्यांचा समज असे.

अशाच एका राजाने एके दिवशी हुकूम काढला. ज्या घराला जमीन नाही आणि ज्या घरात कमावता हात नाही, त्या घराला दरबाराकडून सहा कोंबड्या मिळतील. अंडी विकावीत, पिल्ले वाढवावीत आणि सुखाने राहावे. अट एकच. आधी खुराडे बांधलेले हवे, आणि ते दरबारच्या पाहणीदाराने पाहून मंजूर केलेले हवे. खुराड्यासाठी दर घराला बारा नाणी मिळतील.

राजा वाईट नव्हता. हे आत्ताच सांगितलेले बरे, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही. सापडला असता तर मला एवढे वाईट वाटले नसते.

तर बारा नाणी राजवाड्यातून निघाली. वाटेत तीन कचेऱ्या लागल्या. डोंगराखालच्या एका लहानशा गावात ती पोचली तेव्हा सात होती. मधल्या पाच नाण्यांची चौकशी तेव्हाच सुरू झाली. ती अजून चालू आहे.

त्या गावात एक म्हातारी राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. जन्मभर तिने दुसऱ्यांचे भात कांडले. आता खांदे वर उठत नव्हते, तेव्हा मुसळ सुटले आणि त्याबरोबर कमाईही. एक खोली, एक चूल आणि मागे चार पावलांचे परसू, एवढे तिचे राज्य.

शहरात तिचा एक भाचा होता. सणासुदीला त्याचा निरोप येई, "आत्या, इकडे राहायला ये. भांडी घासायला कोणीतरी लागतेच." दुसरे वाक्य तो हळू बोलत असावा, पण निरोप्या दोन्ही वाक्ये सारख्याच आवाजात सांगे.

म्हातारीला जायचे नव्हते. स्वतःच्या चुलीवर भाकरी भाजावी आणि स्वतःच्या दारात डोळे मिटावेत, एवढीच तिची इच्छा होती. सहा कोंबड्या असत्या तर ती पुरी होणार होती. नाहीतर भाच्याची भांडी होतीच.

तिच्या शेजारी एक बुरूड राहायचा. टोपल्या, सुपे, डालगी विणणारा. हात असा, की त्याने विणलेल्या सुपातून मोहरी खाली पडत नसे. त्याची आई तो लहान असतानाच वारली होती आणि त्याचे अर्धे बालपण म्हातारीच्या चुलीपुढे गेले होते. तो तिला मावशी म्हणायचा.

सात नाणी पदरात बांधून म्हातारी त्याच्याकडे आली.

"काय रे, एवढ्यात खुराडे होईल का?"

"झोकात होईल," बुरूड म्हणाला. त्याने हातातल्या कामटीने जमिनीवर चौकोन काढला. "हे बघ मावशी. बाभळीच्या चार मेढी, एक नाणे. बांबू दोन नाण्यांचे. कूड मी विणतो, तू शेणमातीने लिंप. छपराला डोंगरातले गवत, ते फुकट. आणि तळाला पाथरवटाकडच्या फरश्या, तीन नाणी. एक नाणे उरते दोरीला आणि कडीकोयंड्याला."

"तळाला एवढे पैसे? कोंबड्या काय नाचणार आहेत तिथे?"

"मावशी, वरून घार येते ती दिसते तरी. खालून घूस माती उकरते, आणि तिच्या बिळातून मुंगूस आत शिरते. ते एकदा शिरले की भूक असो नसो, सगळ्या मारते. खुराडे म्हणजे आधी तळ. मग बाकीचे."

"आणि तुझी मजुरी?"

"तुझ्या हातची भाकरी."

"ती तर तीस वर्षे आगाऊ खाऊन बसला आहेस," म्हातारी म्हणाली, आणि दोघेही हसले.

तर सात नाण्यांत खुराडे होत होते. चांगले, पक्के, कोंबड्यांना हवे तसे. हे नीट ध्यानात ठेवा.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावाहून बातमी आली. पाहणीदार तिथे येऊन गेला होता आणि त्याने गवती छपराची सगळी खुराडी नामंजूर केली होती. गवत दरिद्री दिसते, असे तो म्हणाला. राजाच्या कोंबड्या दरिद्री छपराखाली कशा राहतील?

पाटलाने चावडीवर माणसे गोळा केली.

आता इथे त्या राज्यातली एक रीत सांगायला हवी. पाहणीदार घोड्यावरून येई आणि घोड्यावरूनच परत जाई. त्याने गावात जमिनीवर पाय ठेवला, तर तो गावाचा पाहुणा होई. मग त्याला, त्याच्या आठ स्वारांना आणि नऊ घोड्यांना गावाने एक दिवस जेवू घालायचे, आणि तेही राजाच्या मानाला शोभेल असे. बारा वर्षांपूर्वी एका पाहणीदाराला विहिरीजवळ काहीतरी संशय आला आणि तो खाली उतरला. त्या एका जेवणानंतर गाव दोन महिने पेज पीत होते.

तेव्हापासून गावाने एकच गोष्ट पक्की धरली होती. पाहणीदाराला उतरू द्यायचे नाही. कुंपणे त्याच्या नजरेला येतील एवढीच उंच ठेवायची, भिंती वरच्या अर्ध्या लिंपायच्या, विहिरीच्या काठाला चुना लावायचा. आत पाणी कसे आहे, हे घोड्यावरून दिसत नाही.

"कौले घाला," पाटील म्हणाला. "लाल, नवी कौले. घोड्यावरून पहिले काय दिसते? छप्पर. छप्पर बघून त्याचे पोट भरले पाहिजे, म्हणजे तो आपल्याकडे जेवायला बसणार नाही."

लोक हसले.

बुरूड उभा राहिला. "पाटील, कौलांना तीन नाणी पडतात. मग फरश्यांना काही उरत नाही. तळाचे काय करायचे?"

"घोड्यावरून तळ दिसतो का रे?"

पुन्हा सगळे हसले. आणि बुरूडही हसला. पाटील तसा बोलायला गमतीदार होता, आणि अख्खी चावडी हसत असताना एकट्याने तोंड पाडून बसणे सोपे नसते. पुढे कितीतरी वर्षे त्याला ते स्वतःचे हसू ऐकू येत राहिले.

सात नाण्यांत खुराडे होत होते. सात नाण्यांत खुराडे आणि पाहणी, दोन्ही होत नव्हते.

संध्याकाळी त्याने म्हातारीला सारे सांगितले.

"मग तळ मातीचाच राहायचा?" तिने विचारले.

"पाहणीपुरता. एकदा मंजुरी मिळाली की मी ओढ्यातले गोटे वाहून आणतो. पैसे लागत नाहीत त्याला, पाठ लागते. दोन दिवसांचे काम आहे."

"नक्की ना?"

"मावशी, मी आहे ना."

"बरं. विचारलं आपलं."

बुरुडाने खुराडे बांधले. एकदा हात लागला की त्याला काम साधे करता येत नसे. मेढी एका ओळंब्यात उभ्या केल्या. कूड असा घट्ट विणला की बोट आत जाईना. कौले तर अशी बसवली की एखाद्या देवळाला शोभावीत. कडेने त्याने बांबूची नक्षीदार झालर लावली, कोणी न सांगता. तळ मात्र त्याने नुसता पाण्याने भिजवून धुम्मसाने चोपला. वरून म्हातारीने शेणाने सारवला. दिसायला छान दिसत होता.

पाहणीदार आला. उंच करडा घोडा, मागे आठ स्वार. कुंपणापलीकडून त्याने मान वळवून पाहिले आणि लगाम ओढला. गावाने श्वास रोखला.

"वा," पाहणीदार म्हणाला. "हे कोणाचे काम?"

बुरुडाने हात जोडले.

"असे छप्पर मी बावीस गावांत पाहिले नाही. पाटील, तुमच्या गावातली सगळी खुराडी याच नमुन्याची करा. आणि याच माणसाकडून."

तो उतरला नाही. गाव पेजेतून वाचले. आठवड्याभरात म्हातारीच्या घरी बांबूच्या डालग्यातून सहा कोंबड्या आल्या. दोन तांबड्या, तीन काळ्या आणि एक वयस्कर कवडी, अंगभर पांढरे ठिपके असलेली.

त्यानंतर बुरुडाला बसायला फुरसत मिळेना. गावात अशी आणखी अठरा घरे होती. प्रत्येकाला त्याच्याच हातचे खुराडे हवे होते, तसेच कौलारू, तसेच झालरीचे. जो तो त्याला नावाजत होता. लोक त्याला 'कारागीर' म्हणू लागले. आजवर ते त्याला 'अरे' म्हणत.

आणि प्रत्येक खुराड्याचा तळ मातीचा. पाहणीनंतर बघू.

म्हातारीने त्याला पहिल्यांदा विचारले ते सरळ. "गोट्यांचे कधी रे?"

"हे पाटलाच्या चुलतीचे खुराडे उरकले की."

दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ती अळूचे फदफदे घेऊन आली होती. त्याचे खाऊन होईपर्यंत ती गप्प बसली. मग म्हणाली, "ओढ्याला पाणी आले की गोटे बुडतील, नाही का?"

"त्याला अवकाश आहे मावशी."

तिसऱ्यांदा तिने गोट्यांचे नावच काढले नाही. "तुझी पाठ बरी आहे ना?" एवढेच म्हणाली.

"पाठीला काय झालंय?"

"काही नाही. दमलेला दिसतोस."

एकदा एक कौल सरकले म्हणून तो तिच्या परसात आला. शिडी लावून वर चढला, कौल बसवले, हाताने झालर पुसली. खाली कवडी कोंबडी माती उकरत होती. त्या काळी कोंबड्या बोलत असत. आताही बोलत असतील, कोण विचारतो?

"वरचे झाले का?" कवडीने विचारले.

"झाले."

"छान आहे. आम्ही तिथे चढत नाही, पण छान आहे."

बुरूड हसला.

"खालचे कधी?"

"करतो."

"माती मऊ लागते रे. आम्ही दिवसभर माती उकरणारी माणसे, आम्हाला कळते. आम्हाला उकरता येते म्हणजे घुशीलाही येईल."

"माणसे म्हणे," बुरूड म्हणाला. "अगं, अजून पाच खुराडी राहिली आहेत. जरा दम धर."

"दम धरायला आमची ना नाही," कवडी म्हणाली. "घुशीला विचारून बघ."

चांगला विनोद करते कोंबडी, असे मनात म्हणत तो शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. आत वाकून त्याने पाहिले नाही. खुराडे बांधल्यापासून तो कधीच वाकला नव्हता. यायचा, उभ्या उभ्या छपराकडे बघायचा आणि जायचा. त्याच्याखाली घोडा नव्हता, एवढाच काय तो फरक.

पुढे काही दिवस ओढ्याच्या वाटेवर त्याला म्हातारी दिसू लागली. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून, त्यांना घारीच्या भीतीने खुराड्यात कोंडून ती जायची. येताना लुगड्याची ओटी जड असायची आणि ती एका हाताने कमरेला आधार देत चालायची.

"मावशी, ओटीत काय?" त्याने एकदा लांबून विचारले.

"चुलीला दगड लागतात रे," ती म्हणाली. "जुने फुटले."

चुलीला तीन दगड लागतात. म्हातारी रोज दोन दगड नेत होती, आणि ती गेले पंधरा दिवस नेत होती. बुरुडाला तीनच्या पुढेही मोजता येत होते. तरी त्याने ते उत्तर मानून घेतले, कारण ते त्याला सोयीचे होते. आणि तिनेही ते त्याच्या सोयीसाठीच दिले होते. आपण दगड वाहतो आहोत हे त्याला कळले तर त्याला लाज वाटेल, म्हणून.

मग एके दिवशी, सूर्य नुकता कासराभर वर आला असताना, म्हातारीची हाक आली. मोठी नव्हती. नुसते त्याचे नाव, आणि मग काहीच नाही. बुरूड दोन घरे पलीकडे शेवटच्या खुराड्यावर कौले चढवत होता. तो तसाच धावला.

म्हातारी परसात उभी होती. ओटीतले दोन गोटे तिच्या पायाशी पडले होते. खुराड्याची ताटी उघडी होती.

तो गुडघ्यांवर बसला आणि आत डोके घातले.

आतला अर्धा तळ दगडांचा होता. ओढ्यातले गुळगुळीत गोटे एकमेकांना भिडवून बसवलेले, फटींत माती ठासलेली, वरून शेणाचा हात फिरवलेला. असे काम त्यालाही जमले नसते. तिच्या हाताला तर सवयही नव्हती. सत्तरीच्या बाईने, ज्या खांद्यांना मुसळ उचलत नव्हते त्या खांद्यांनी, दोन दोन करून ते दगड आणले होते.

उरलेला अर्धा तळ मातीचा होता. त्यात, कुडाला लागून, एक बीळ होते.

घुशीने आधीच उकरून ठेवले होते. मुंगूस सकाळी आले. ताटी बाहेरून लावलेली असल्यामुळे कोंबड्यांना पळायला जागा नव्हती. सहाही मेल्या होत्या. कवडी ताटीला टेकून पडली होती. शेवटपर्यंत ती दाराशी हाका मारत असणार. म्हातारी तेव्हा ओढ्यावर दगड निवडत होती.

बुरूड बाहेर आला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना ओले शेण लागले होते.

"पंधरा दिवसांचे काम राहिले होते," म्हातारी म्हणाली.



राजाचा नियम मात्र न्यायाचा होता. कोंबड्या मेल्या तर पाहणीदाराने कारण लिहायचे. खुराड्यात दोष असेल तर दरबाराने नव्या सहा कोंबड्या आणि दुरुस्तीचा खर्च द्यायचा. मालकाचा हलगर्जीपणा असेल तर नाव यादीतून कायमचे काढायचे. म्हणजे म्हातारीच्या चुलीचा सगळा निकाल एका शब्दावर येऊन ठेपला होता, आणि तो शब्द बुरुडाकडे होता.

पंधरवड्याने पाहणीदार आला. पुन्हा तोच करडा घोडा, तेच आठ स्वार. कुंपणापलीकडून त्याने खुराड्याकडे पाहिले. कौले उन्हात चमकत होती.

"कोंबड्या कशा मेल्या?"

"मुंगसाने मारल्या," म्हातारी म्हणाली.

"आत कसे शिरले?"

म्हातारीने बुरुडाकडे पाहिले. तिच्या नजरेत आग्रह नव्हता. लहानपणी तो खोटे बोलायचा तेव्हा ती अशीच नुसती बघत राहायची, आणि तो आपणहून खरे सांगायचा.

"बांधणारा तूच ना?" पाहणीदाराने त्याला विचारले. "खुराड्यात काही दोष आहे?"

बुरुडाने तोंड उघडले. 'आहे' एवढेच म्हणायचे होते. मग पाहणीदार म्हणाला असता, दाखव. मग त्याला उतरावे लागले असते. मग नऊ माणसे, नऊ घोडे आणि दोन महिन्यांची पेज. मग त्याने बाकीची अठरा खुराडी वाकून पाहिली असती, आणि अठरा घरांच्या कोंबड्या परत गेल्या असत्या. पाटील त्याच्याकडे एकटक बघत होता. अठरा घरांची माणसे कुंपणाला टेकून उभी होती. त्यांतल्या एका बाईने तान्हे मूल या काखेतून त्या काखेत घेतले.

आणि त्यांच्या आड, सगळ्यांत मागे, त्याच्या मनात आणखी एक गोष्ट उभी होती. लोक त्याला कारागीर म्हणू लागले होते.

"छप्पर शाबूत आहे, महाराज," बुरूड म्हणाला.

"ते दिसतेच आहे," पाहणीदार म्हणाला. त्याने लेखणी काढली, घोड्याच्या मानेवर कागद ठेवला आणि लिहिले: खुराडे उत्तम, बाईचा हलगर्जीपणा. मग टाच मारली.

खोटे काही बोलला नव्हता बुरूड. छप्पर खरेच शाबूत होते. माणसे पांगली. जाता जाता पाटलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात एवढा जड हात त्याने कधी सोसला नव्हता.

म्हातारी घरात गेली आणि तिने चुलीतला विस्तव विझवला.

तिसऱ्या दिवशी ती निघाली. एक गाठोडे, एक पितळी तांब्या. वेशीपर्यंत गाठोडे बुरुडाने घेतले.

वेशीवर तिने गाठोडे त्याच्याकडून घेतले. "जेवत जा वेळेवर," ती म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून बुरूड ओढ्यावर जाऊ लागला. टोपल्या विणणे त्याने थांबवले. पहाटे जायचा, पाठीवर गोटे घेऊन यायचा, एकेका घराच्या खुराड्यात गुडघ्यांवर शिरायचा आणि दगड बसवायचा. कोणाकडून काही घेतले नाही. लोक म्हणाले, याला खूळ लागले. पाटील म्हणाला, "आता मंजुरी झाली आहे, आता कशाला?" तो पुढच्या खुराड्यात शिरला.

अठरा खुराड्यांना दोन महिने लागले. एकोणिसावे त्याने शेवटी घेतले. उरलेला अर्धा तळ भरायला त्याला एक दिवस पुरला.

एक दिवस. सूर्य मावळताना शेवटचा दगड ठोकून तो त्या रिकाम्या खुराड्यात बसला, आणि तेव्हा त्याला रडू आले.

मग तो शहरात गेला. बगलेत त्याच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या दोन तलंगा होत्या. भाच्याचे घर मोठे होते. म्हातारी मागच्या दाराशी, न्हाणीजवळ राखेने पातेले घासत होती. तिने मान वर केली.

"बारीक झालास."

"मावशी, घरी चल. तळ पुरा केला. या दोन कोंबड्या आणल्यात. आणखी चारांचे मी करीन काहीतरी."

तिने तलंगांकडे पाहिले. एकीच्या पिसांवरून ओला हात फिरवला.

"बाकीच्यांच्या तळाचे काय केलेस?"

"सगळ्यांचे बसवले. अठराच्या अठरा."

"हे चांगले केलेस."

"मग चल."

आतून कोणीतरी हाक मारली, "आत्या, झाली का भांडी?" तिने "आले" म्हटले आणि पातेले पुन्हा हातात घेतले.

"नाही रे," ती म्हणाली. "एकदा घर सोडले, ते सोसले. चुकून दुसऱ्यांदा सोडावे लागले तर तेवढे बळ माझ्यात नाही. आणि तू पुन्हा गप्प बसणार नाहीस, हे मी कशावरून धरू?"

हे ती रागावून बोलली नाही. पातेल्याचा काळा डाग निघत नव्हता, तो ती घासत राहिली.

बुरूड दोन्ही तलंगा घेऊन परत निघाला.

पुढे अठरा घरांची खुराडी टिकली. त्यांतली एकही कोंबडी मुंगसाने नेली नाही. दरबारच्या कागदांत ते गाव अजूनही आदर्श म्हणून लिहिलेले आहे: एकोणीस उत्तम खुराडी, एक हलगर्जी बाई. तो कागद कोणी दुरुस्त केला नाही. बुरूड दोनदा कचेरीत गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की पाहणी झालेली आहे आणि झालेली पाहणी पुन्हा होत नाही. म्हातारी तीन वर्षे जगली, आणि मेली ती परक्या दारात.

लहानांनो आणि थोरांनो, बोध एवढाच: राहणाऱ्यासाठी करायचे काम पाहणाऱ्यासाठी केले, की शेवटी राहणाराच उरत नाही.